जांभळा ठिपका

बॉनेट उघडण्याआधी ते त्यावर बोटांनी दोनदा टकटक करायचे. हातातलं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि मग दिवसभर सगळ्यांना वेळ विचारत फिरायचे. गिऱ्हाइकाच्या सीटवर आधी वर्तमानपत्र पसरायचे, मग बसायचे. उठताना तेच वर्तमानपत्र घडी घालून काखेत, पुढच्या गाडीसाठी. "बघतो" म्हणाले तर काम होणार. "बघू" म्हणाले तर दुसरीकडे जावं. दिवसाला गाडीतली एकच गोष्ट बदलायची, दुसरी नाही. आणि बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका. ठिपका आहे म्हणजे आवळलाय. ठिपका नाही म्हणजे अजून हात लागायचाय.

या शेवटच्या सवयीवरून सगळे त्यांना ठिपके म्हणायचे. खरं आडनाव बिलावर छापलेलं होतं, पण बिलाचा वरचा भाग कोण वाचतं?

नेलपॉलिश ताईंचं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दोघांची दुकानं होती. पुढे ताईंचं शिलाईचं मशीन, मागे ठिपक्यांचं गॅरेज. पुढे पँटच्या कडा आत जायच्या, मागे गाड्यांच्या आतलं बाहेर यायचं. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कुणी चौकशी केलीच तर ताई म्हणायच्या, "याच्या हाताचा वास सहन करणारी दुसरी मिळाली नाही. आणि मला याच्याहून बरा भांडणारा मिळाला नाही."

एक मुलगी त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेली ती जॅकेटची चेन बदलायला. चोवीस वर्षांची. साहित्यात पदवी घेतलेली, छापखान्यात प्रुफं तपासणारी. चेन लागेपर्यंत ती स्टुलावर बसून वाचत होती. मागच्या गाडीखालून आवाज आला, "ताई, सावकाश कर. वाचणारी माणसं कटकट करत नाहीत."

त्या दिवसापासून ती पुस्तकवाली झाली आणि ते तिचे काका.

मग तिच्या बाबांच्या कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी टेकडीवरच्या हॉस्पिटलात व्यायामाला जायचं होतं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या होत्या. तीन महिने चुकवू नका, नाहीतर पाय असाच राहील. बाबांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती, आणि आता त्यांना बसच्याच पायऱ्या चढवत नव्हत्या. टॅक्सीवाले टेकडीचं नाव काढलं की मान हलवायचे. तिने होतं नव्हतं ते गोळा केलं आणि जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

"काका, गाडी बघायला याल?"

"बघतो."

राखाडी रंगाची, पंधरा वर्षांची, छोटीशी गाडी होती. ठिपक्यांनी टकटक केली. इंजिन सुरू करून कान दिला. पाण्याच्या पाइपावर तळहात ठेवून डोळे मिटले, जणू कुणाच्या कपाळाला हात लावून ताप बघतायत. विकणाऱ्याने चौकापर्यंत एक चक्कर मारू दिली. सकाळ गार होती. रस्ता सपाट होता. ठिपके खाली उतरले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "घे."

एवढंच. तिने घेतली. विकणाऱ्याने कागदावर लिहून दिलं: इंजिनात खोट निघाली तर पंधरा दिवसांत परत.

पहिल्याच शुक्रवारी टेकडीच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला. सपाटीवर तो मधोमध असायचा. चढावर तो मध ओलांडून वर सरकला, तांबड्या रेघेच्या अलीकडे थांबला आणि तिथंच बसला. बाबा शेजारच्या सीटवर होते.

"काटा बघ."

"बघतेय."

"मी तीस वर्षं ड्रायव्हरच्या पाठीमागे उभा होतो. हा काटा असा वर गेला की आम्ही पॅसेंजर उतरवायचो."

"तांबड्यात नाही गेला, बाबा."

"नाही गेला. दारात येऊन उभा आहे. आत ये म्हणायचीच खोटी." मग थोडं थांबून, "तुझ्या काकांनी तपासली ना ही? मग झालं तर. आपण काळजी कशाला करायची."

बाबांचा टोमणा असा यायचा. उशी खाली ठेवल्यासारखा, अलगद.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. परतताना तिने बाबांना घरी सोडलं आणि गाडी सरळ शेडसमोर आणून लावली. ठिपक्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "घे म्हणालो होतो मी."

"काका, तुम्हाला काय माहीत—"

"मला माहीत असायला पाहिजे. म्हणून तर तू मला नेलंस. चढावर न्यायला हवी होती. सपाटीवर कुठलीही गाडी शहाणीच असते."

पंधरा दिवसांतले सहा गेले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी जुनं पाणी सोडून नवीन कूलंट भरलं, पाइपांतली हवा काढली. दुपारच्या सुट्टीत ती आली. दोघं टेकडी चढून आले. काटा वर. दुसऱ्या दिवशी रेडिएटरचं झाकण बदललं. जुन्याची स्प्रिंग सैल पडली होती, तेव्हा दोघांना वाटलं, सापडलं. काटा वर. तिसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारं हे छोटं दार. ते अडकतं, सगळ्यांना माहीत आहे. ठिपक्यांनी ते ताईंच्या पातेल्यात उकळायला ठेवलं.

"त्याच पातेल्यात मी चहा करते, शहाण्या!"

"मग आज चहा जोरदार होईल."

दार बरोबर जिथं उघडायला हवं तिथं उघडलं. अगदी निर्दोष. पातेलं मात्र ताईंनी तीनदा घासलं.

चौथ्या दिवशी पंखा तपासला. वेळेवर लागत होता, वेळेवर बंद होत होता. इंजिनाचं वरचं झाकण फुटलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. बुडबुडे नव्हते. पाचव्या दिवशी ते रेडिएटरवर तळहात फिरवत राहिले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कुठे चोंदलं असेल तर तेवढा भाग गार लागतो. सगळीकडे सारखंच गरम लागलं.

रोज ती विचारायची, "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर?"

"आणि गाडी बरी झाली तर कशामुळे झाली, ते कोण सांगणार? मग त्या गाडीबद्दल मला काहीच कळलेलं नसतं. नुसतं नशीब कळलेलं असतं."

घरी बाबा वेगळं बोलत होते. "आमच्या डेपोतल्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणतो, इंजिन उघडावं लागेल. परत कर. माणूस चांगला असेल गं तुझा. पण चांगल्या माणसाला काटा भीत नाही."

रविवार गेला. मंगळवारी चौथा व्यायाम. या वेळी काटा रेघेला टेकला. तिने गाडी वळणावर उभी केली, बॉनेट उघडलं आणि दोघं इंजिन गार व्हायची वाट बघत बसले. बाबा उशिरा पोचले. त्या दिवशीचा अर्धा व्यायाम बुडाला. परतताना त्यांनी टोमणा मारला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

उरले दोन दिवस.

ती शेडमध्ये गेली तेव्हा ठिपके बॉनेटवर दोन्ही हात टेकवून इंजिनाकडे बघत होते. ताईंनी मशीन थांबवलं.

"काका, उद्या परत करते."

"कर," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझं डोकंच चालत नाही. एकेक गोष्ट बघितली. जे आहे ते सगळं ठीक आहे."

ती दमली होती. बोलायचं म्हणून बोलली. "आमच्याकडे प्रुफात असंच होतं. चुकलेलं दिसतं. गळलेलं दिसत नाही. अख्खी ओळ गळली तरी डोळा पुढे निघून जातो. जे आहे ते सगळं बरोबरच असतं ना."

ठिपक्यांनी मान वर केली.

"मग ते सापडतं कसं?"

"मूळ कागद शेजारी ठेवायचा. बोट ठेवून वाचायचं."

त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. ताई म्हणाल्या, "झालं. आता हा जेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने छापखान्यातून सुट्टी घेतली. ती पोचली तेव्हा गाडीचा पुढचा बंपर खाली सतरंजीवर होता. गाडी दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. ठिपक्यांनी तशाच बनावटीची दुसरी एक गाडी शेजाऱ्याकडून मागून आणली होती आणि तिचाही बंपर उतरवला होता. मूळ कागद शेजारी ठेवला होता.

ते बोट ठेवून वाचत होते. या गाडीवर एक, त्या गाडीवर एक.

"हे बघ," ते म्हणाले. शेजाऱ्याच्या गाडीत रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना काळ्या फोमच्या जाड पट्ट्या होत्या. तिच्या गाडीत तिथं फट. दोन बोटं जातील एवढी. "समोरून वारा येतो. त्याने रेडिएटरमधून जायला हवं. पण त्याला बाजूने पळवाट दिली तर तो कशाला जाईल? सपाटीवर भागतं. चढावर भागत नाही. गाडी नवी असताना तेवढं सोसते. म्हातारपणी अंगावर येतं."

"म्हणजे सापडलं?"

"सापडलं."

तिने ताईंकडे बघून दोन्ही हात वर केले. ताई हसल्या. ठिपके हसले नाहीत. ते खाली वाकले होते. रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो, तिच्या बोल्टकडे बघत होते. बंपर काढल्याशिवाय तो बोल्ट दिसत नाही. अंगठ्याने त्यांनी धूळ पुसली.

धुळीखाली एक ठिपका होता. जांभळा.

ते गुडघ्यांवर तसेच राहिले. तिला आधी कळलंच नाही. ठिपके तर या शेडमधल्या प्रत्येक गाडीवर होते. मग आठवलं, ते सगळे लाल होते. आणि या गाडीच्या बंपरमागच्या भागाला काकांचा हात आजच लागला होता.

नखाने खरवडला असता तर तो दोन सेकंदांत गेला असता. तिची पाठ वळली असती तर तिला कधीच कळलं नसतं. पट्ट्या बसल्या असत्या, काटा खाली आला असता, काकांना शाबासकी मिळाली असती.

"ताई," ते म्हणाले. "इकडे ये."

ताई चष्मा कपाळावर सरकवत आल्या. वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "ही माझी बाटली," त्या म्हणाल्या. "तू मोठ्या वर्कशॉपात होतास तेव्हाची. मग तो रंग बाजारातून गेलाच."

"चार वर्षं तोच रंग होता," ठिपके म्हणाले. मग पुस्तकवालीकडे वळले. उभे राहिले नाहीत. "हा रेडिएटर मी बसवलाय. समोरून ठोकलेली आली असणार ही. जुना काढताना पट्ट्या फाटायच्या. नव्या मागवायला चार दिवस. मालक म्हणायचा, नुसतं पॅकिंग आहे, गाडी त्याच्याविना चालते. चालायची. पहिल्या गाडीला मला रुखरुख लागली होती. दहाव्या गाडीला मी न फाटलेल्यासुद्धा काढून टाकत होतो. वेळ वाचतो म्हणून."

ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"तुझ्या बाबांना सांग," ते म्हणाले. "नाहीतर मी येऊन सांगतो."

"काका, आता त्याचं काय—"

"सांग."

पट्ट्या त्यांनी त्याच दुपारी कापल्या. फोमला बाहेरून रेक्झिन हवं, नाहीतर पावसाळ्यात कुजेल, असं ताई म्हणाल्या, आणि त्यांनी ते मशीनवर शिवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही दुकानांनी मिळून एक काम केलं. भांडणही त्यातच झालं. टाका दोनदा घालायचा की एकदा, यावर. दोनदा घातला. नवे बोल्ट आवळले, लाल ठिपके दिले. जांभळा त्यांनी तसाच ठेवला.

तिने गाडी परत केली नाही. पंधरावा दिवस तिने टेकडीवर चार फेऱ्या मारून काढला. काटा मधून हलला नाही.

शुक्रवारी बाबा शेजारी बसले. तिसरं वळण आलं. दोघंही काट्याकडे बघत होते. वळण गेलं.

"झोपला वाटतं," बाबा म्हणाले.

मग तिने सांगितलं. ठिपका, रंग, पट्ट्या, सगळं. बाबा ऐकत राहिले. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तरी त्यांनी पट्टा सोडला नाही.

"त्यांनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं असतं?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

बाबांनी आता पट्टा सोडला. "माझ्या तिकिटांच्या पेटीतसुद्धा असं काहीबाही असेल," ते म्हणाले. "पण माझे पॅसेंजर उतरून गेले. आता कुणाला शोधू?" आणि परतताना म्हणाले, "त्या शेडवरून घे."

ती शेडसमोर थांबली. बाबांना उतरवेना, म्हणून ठिपकेच काच खाली केलेल्या खिडकीशी येऊन उभे राहिले. बाबांनी हात बाहेर काढला. ठिपक्यांचे हात काळे होते, त्यांनी मनगट पुढे केलं. बाबांनी मनगट धरलं.

"किती वाजले?" ठिपक्यांनी विचारलं.

"तुमच्या खिशात बघा," बाबा म्हणाले. ही सवय तिने त्यांना आधीच सांगितली होती.

त्यानंतर दर शुक्रवारी गाडी तिथं थांबायची. बाबा आत बसून, ठिपके बाहेर उभे राहून. विषय एकच, कुठला चढ कुठल्या गियरमध्ये घ्यावा. दोघांचं एकदाही जुळलं नाही. तीन महिन्यांनी बाबा काठी घेऊन स्वतः उतरले तेव्हा ठिपक्यांनी स्टूल पुसून त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

मधल्या काळात ठिपक्यांनी एक काम काढलं होतं. मोठ्या वर्कशॉपातल्या चार वर्षांच्या डायऱ्या बिस्किटांच्या डब्यात होत्या. कुठली गाडी, कुणाची, काय बसवलं. त्यांतून त्यांनी रेडिएटर बदललेल्या गाड्या वेचून काढल्या आणि एका वहीत यादी केली. मग रविवारी फोन लावायला बसायचे. ताई म्हणायच्या, याच्या तोंडून इतके शब्द मी पन्नास वर्षांत ऐकले नव्हते.

"नमस्कार. मी चौदा वर्षांपूर्वी तुमच्या गाडीचा रेडिएटर बसवला होता. त्यात एक पट्टी राहिली. ती लावून द्यायची आहे. नाही, पैसे नकोत. नाही हो, बँकेतून बोलत नाही."

बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. काही विकल्या गेल्या होत्या. मग पुढच्या मालकाचा नंबर, मग त्याच्या पुढच्याचा. एकाने पोलिसांत देईन म्हणून दम दिला. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी राहू दे, माझ्या नवऱ्याने बसवलेला एक नळ पंधरा वर्षं गळतोय, त्याला तुमचा नंबर देऊ का?" पण काहीजण आले. ठिपके बंपर उतरवायचे, जांभळा ठिपका शोधायचे, पट्टी लावायचे. वहीतल्या नावापुढे लाल ठिपका द्यायचे.

पुस्तकवालीने एकदा विचारलं, "सगळे सापडतील असं वाटतं?"

"बघू," ते म्हणाले.

आणि ती हसली, कारण त्या शब्दाचा अर्थ तिला माहीत होता. ते हसले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "बघतो."

एका बुधवारी दुपारी छापखान्यात पुस्तकवालीला ताईंचा फोन आला. ठिपक्यांनी कप खाली ठेवला, "जरा टेकतो" म्हणाले आणि बाकावर आडवे झाले. ताई शिवत होत्या. टीप संपल्यावर त्यांनी वळून बघितलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

फोन ठेवल्यावर तिने समोरचं पान पूर्ण वाचलं. बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांनी ते पान परत आणून दाखवलं. मधला अख्खा परिच्छेद गळला होता. तिला तो दिसला नव्हता.

आठवड्याने ताईंनी तिला बोलावलं. मागची बाजू आवरायची होती आणि त्यांना एकटीने तिथं जाववत नव्हतं. बाबाही आले. ते काठी मांडीवर आडवी धरून स्टुलावर बसले. बाकाखाली वर्तमानपत्राची घडी होती. शर्ट खुंटीला होता. ताईंनी त्याच्या खिशात हात घातला, घड्याळ बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. ते चालू होतं.

खुंटीशेजारच्या खिळ्याला दोन पट्ट्या लटकत होत्या. मापाने कापलेल्या, रेक्झिन शिवलेल्या, सुतळीने एकत्र बांधलेल्या. सुतळीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर. तिने वही उघडली. पहिल्या दोन पानांवर बहुतेक नावांपुढे काही ना काही होतं. लाल ठिपका, नाहीतर "भंगार", नाहीतर दुसराच एखादा नंबर. तिसऱ्या पानावर वरून चौथ्या ओळीपर्यंत ते आले होते. चौथ्या ओळीत चिठ्ठीवरचाच गाडीचा नंबर होता. पुढे ठिपका नव्हता. फोनचा नंबर होता आणि ठिपक्यांचं गोल, शाळकरी अक्षर:

"बाई म्हणाल्या, मुलगा गाडी घेऊन बाहेरगावी गेलाय, चढाचा रस्ता आहे. रविवारी येईल. रविवारी पुन्हा फोन करणे."